मामाची पिकअप आणि सत्तावीस आटे

तर झालं असं, की दिवाळीत घोलवडला गेलो तेव्हा मामाने पिकअपची डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल बदलून पंधरा दिवस झालेले आणि रंग काजळ! "परत इंजिन खोलायला लागलं तर गाडी विकतो नि वाडी लीजवर देतो," मामा म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण मामीने मान वर केली नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मिळालं खरं, पण उतरवलेला चिकू कुणासाठी थांबत नाही. गाडी उभी राहिली की माल गेला.

अस्मादिक इंजिनिअर (फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये केटी, पण ते असो). रात्रभर वाचलं. नेहमीच्या फिल्टरमधून इंजिनचं सगळं ऑइल जातं, म्हणून तो फार बारीक ठेवता येत नाही. २०-३० मायक्रॉनच्या खालचं बरंचसं निसटतं. बायपास फिल्टर एक-दीड मिलिमीटरच्या भोकातून थोडंसंच ऑइल बाजूला घेतो, दोन-तीन मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि परत सम्पमध्ये सोडतो. काजळीचा एकेक कण याहूनही बारीक, पण त्यांचे गोळे होतात ते अडकतात. सेंट्रिफ्यूजवाला प्रकार मोठ्या इंजिनांना बरा. एका जुन्या अमेरिकन फिल्टरमध्ये तर चक्क टॉयलेट पेपरचा रोल घालतात! मामीला हे सांगितलं नाही. सरळ कागदी काडतुसाचा, बदलता येणारा फिल्टर मागवला.

पुढच्या शनिवारी तलासरीला, हायवेलगतच्या ट्रकवाल्या मिस्त्रीकडे. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे टी बसवायचा, परतीचा पाइप झाकणात. टी दोन फेरे मस्त गेला, मग घट्ट. मी पाना लावणार, तेवढ्यात मिस्त्रीने हात धरला. किटचे आटे अमेरिकन, इंचाला २७. मामाच्या इंजिनचे ब्रिटिश, इंचाला २८. जोर लावला असता तर ब्लॉकमधले आटे गेले असते, म्हणजे ज्या खर्चासाठी मामाची झोप उडाली होती तोच मी करून ठेवला असता.

मग त्याने किटबरोबरचा रबरी पाइप बघितला. "साहेब, हा सुटला तर?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रेशरखालचं ऑइल रस्त्यावर, दिवा पेटून मामाच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंग खलास. ऑफिसात सर्व्हर पडला तर दुसरा उभा असतो, मामाकडे इंजिन एकच.

वापीच्या जीआयडीसीतून हायड्रॉलिक पाइप प्रेस करून आणला, २८ आट्यांचा जोड आणला, पाइप एक्झॉस्टपासून लांब क्लॅम्प केला. इंजिन चालू करून दहा मिनिटांनी बंद केलं, तर लेव्हल खाली. गळती नव्हे, फिल्टर भरला होता. वरून ऑइल घातलं.

"आता ऑइल बदलायचं नाही ना?" मामा.

"बदलायचं. ॲडिटिव्ह संपतात, डिझेल मिसळतं, ते फिल्टर काढत नाही."

"आणि काळं?"

"डिझेल आहे शेठ, काळं होणारच," मिस्त्री मध्येच बोलला.

मामाने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. हल्ली रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही. "जॉइंट कोरडा आहे," एवढंच सांगतो आणि ठेवतो.