पिनकोड ४१४००५

एम-थ्री राहिला! बॅकलॉगचा फॉर्म भरताना पिनकोडच्या सहा चौकटींपाशी पेन अडकलं. ४१४००५, आमचं केडगाव. शेजारी वडील फीचे पैसे मोजत होते. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून त्या आकड्यालाच धरलं.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेले द. रा. कापरेकर असेच आकड्यांत रमायचे. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. आमची बेरीज ४+१+४+०+०+५ = १४. आता विषम संख्येला १४ नं भाग जाणार कसा? म्हणजे हर्ष नाहीच नशिबात! अवयव पाडले: ५ × ३१ × २६७१. तिन्ही मूळ, पुढे फुटायलाच तयार नाहीत.

मग त्यांचे 'सेल्फ नंबर' आठवले, म्हणजे स्वयंभू संख्या. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा; अशी बेरीज करून जी कधीच येत नाही, ती स्वयंभू. ४१४००३ तशी आहे. आमची? कागदभर खाडाखोड केल्यावर सापडलं: ४१३९८० + २५ = ४१४००५. स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि तोही एकच.

मान वर केली. वडील तिसऱ्यांदा नोटा मोजत होते.

"पन्नास कमी पडतायत. आईच्या डब्यातनं आण," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला. मार्क विचारू नका. पण स्वयंभू नसल्याचं दुःख त्या दिवसापासून संपलं.