३३ वर्षांचा बग

आपण जॅझ ऐकतो हे ऑफिसात एखाद्याला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "यार, सुरुवात कुठून करू? दहा अल्बम सांग ना." आता दहा काय, पन्नास सांगता येतात. नेटवर अशा याद्या ढिगाने पडल्यात. पण कुठलीही उघडा, वरच्या दोन-तीनात माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' असणारच. ज्याच्या घरी जॅझचा एकच अल्बम असतो त्याच्या घरी बहुतेक हाच असतो. त्यामुळे पट्टीचे ऐकणारे लोक त्याचं नाव निघालं की जरा नाक मुरडतात, आणि रात्री एकटे असले की तोच लावतात.

अल्बम रेकॉर्ड झाला फक्त दोन दिवसांत, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला. जागा न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ, जो मुळात एक चर्च होता. ट्रंपेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स (एका गाण्यात विंटन केली), बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. फारशी तयारी नाही. माइल्सने थोडक्यात आराखडे दिले आणि म्हणाला, वाजवा.

आराखडे म्हणजे काय, ते आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगतो. पहिलंच गाणं 'सो व्हॉट'. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलायचे आणि वाजवणाऱ्याची त्यांच्यामागे धावता धावता दमछाक व्हायची. इथे माइल्सने काय केलं, तर १६ बार पांढरी दोन, मग ८ बार काळी दोन, आणि पुन्हा ८ बार पांढरी दोन. बस्स. स्वर म्हणाल तर आपला काफी थाटच, गंधार-निषाद कोमल. मात्र "बघा, हा तर आपला रागच!" असं मी म्हणणार नाही. मधेच षड्ज उचलून अर्धा सूर वर ठेवला तर आपल्याकडे मैफल उठून जाईल. पण घाई संपल्यावर वाजवणाऱ्याला जी जागा मिळते ना, ती आपल्या कानाला लगेच ओळखू येते. (हाच कोल्ट्रेन दोनेक आठवड्यांनी, मे १९५९ मध्ये, 'जायंट स्टेप्स' वाजवत होता, ज्यात कॉर्ड श्वास घेऊ देत नाहीत. माणूस एकच, महिनाही जवळजवळ तोच. असो.)

तर आता बग. २ मार्चला टेपची दोन यंत्रं एकाच वेळी चालू होती, एक मुख्य आणि एक बॅकअप. त्यातलं मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर रेकॉर्ड केलेली टेप बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली की ती जरा जलद वाजते आणि सूर जरा चढतात. आपल्याकडे सॅम्पल रेट चुकीचा दिला की होतं तेच. अल्बम या टेपवरून निघाला. म्हणजे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी चढी, आणि एप्रिलमध्ये रेकॉर्ड झालेली दुसरी बाजू एकदम बरोबर! १९९२ साली कुणीतरी बॅकअपची टेप काढली, तिचा वेग बरोबर होता, आणि तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती आली. १९९७ नंतर नेहमीच्या सीडीही तशाच. ३३ वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहिलेला बग, आणि लाखो युजर्सचं त्यावर प्रेम.

अशा एका युजरला मी ओळखतो. माझ्या मित्राचे वडील, मूळ गोव्याचे, उभं आयुष्य मुंबईत काढलेलं. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये टेनर सॅक्स वाजवायचे. त्यांच्याकडची एलपी जहाजावर नोकरी करणाऱ्या चुलतभावाने सेकंडहँड आणलेली. अंकल तिच्याबरोबर वाजवत शिकले. मी त्यांना हा वेगाचा किस्सा सांगितला तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तरीच रे!" पहिली बाजू लावली की त्यांना माउथपीस आत ढकलावा लागायचा, म्हणजे नळी आखूड होते आणि सूर चढतो. बाजू पलटली की परत बाहेर. इतकी वर्षं त्यांचा समज असा, की न्यूयॉर्कवाले तसाच सूर लावतात आणि आपल्यालाच ते जमत नाही.

मी फोनवर दुरुस्त 'सो व्हॉट' लावून दिलं. त्यांनी दोनेक मिनिटं ऐकलं. "कुणी तरी आजारी आहे काय ह्यात?" मी समजावलं की अंकल, त्या खोलीत त्या दिवशी प्रत्यक्षात हेच वाजलं होतं. ते म्हणाले, "त्या खोलीत मी नव्हतो. माझ्या खोलीत ते वाजलं."

मला हा युक्तिवाद पटत नाही. माझ्या मते दुरुस्त आवृत्तीच खरी. चेंबर्सचा बास त्यात जास्त जड वाटतो, आणि कोल्ट्रेनचा आवाज आहे तसा, जरा खडबडीत, ऐकू येतो. बॅकअप असताना चुकीची फाइल वाजवत बसणं माझ्या पेशात बसत नाही. पण माझ्या कानांना चढी आवृत्ती कधी लागलीच नव्हती, हेही आहे. ती पट्टी माउथपीस ढकलून ढकलून अंगात मुरलेली माणसं वेगळी. आता दातांमुळे अंकलचं वाजवणं बंद आहे. मी नेऊन दिलेली सीडी अजून प्लास्टिकमध्येच आहे.

दुसऱ्या बाजूवरून मात्र आमचं भांडण नाही. 'ऑल ब्लूज' दोघांकडे एकाच पट्टीत वाजतं. फक्त सुरुवातीच्या प्रतींवर त्या बाजूच्या दोन्ही गाण्यांची नावं उलटसुलट छापली गेली होती, आणि अंकलची प्रत त्यातलीच. ते त्याला अजूनही 'फ्लेमेंको स्केचेस' म्हणतात.