नेम डोळ्याचा, दुर्बीण कामापुरती

रायफलवर जितकी मोठी दुर्बीण, तितका लांबचा नेम अचूक, असा समज आज आपल्या तरुणांत पसरला आहे. मोबाईलवर परदेशातील नेमबाज हजार यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवताना दिसतात. त्यांच्या रायफलवर हातभर लांब दुर्बीण असते. मग वस्तीतली मुले आम्हाला म्हणतात, "काका, तशी दुर्बीण मिळाली तर आम्हीपण मारू." मुलांची जिद्द चांगलीच आहे. पण या समजापायी कष्टकऱ्याचा पैसा वाया जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुद्धाच्या अनुयायांना बंदूक कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पहिले शील आम्ही विसरलेलो नाही. परंतु कागदाच्या टार्गेटवर नेम धरण्यात कोणाचा जीव जात नाही. शिकारीला आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी घातली आहे, तेव्हा शिकारीच्या दुर्बिणीचा विचार आम्ही येथे करणारच नाही. आणि रायफल आपल्या समाजाला परकी नाही. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या चिन्हावर आजही मशीनगन आहेत. शिवाय नेमबाजी म्हणजे श्वासावर ताबा आणि चित्त एका जागी. विहारात ध्यानाला बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आमच्या वस्तीत धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांची मुलगी कॉलेजात एनसीसीत गेली आणि नेमबाजीत चमकू लागली. एका दुकानदाराने तिला सांगितले की, चोवीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण घेतल्याशिवाय स्पर्धेत निभाव लागणार नाही. त्याच महिन्यात ताईंची भिशी लागली होती. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. घेऊन टाकू का?"

आम्ही मुलीलाच विचारले, "बाळ, तू कोणत्या प्रकारात उतरणार?" ती म्हणाली, "आधी दहा मीटर एअर रायफल, मग पन्नास मीटर." आम्ही स्पर्धेची नियमावली मिळवली आणि शेजारचे निवृत्त हवालदार दादा यांना घेऊन दोन संध्याकाळ वाचली. तेव्हा उलगडा झाला. ऑलिम्पिक पद्धतीच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावायला मनाईच आहे! तेथे मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल कडीची माशी. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पन्नास मीटरवर ते वर्तुळ १०.४ मिलिमीटर. एवढे बारीक लक्ष्य भिंगाशिवाय टिपायचे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणले, ते अशाच साइटवर.

मग त्या मोठ्या दुर्बिणी कोणासाठी? त्यांचेही प्रकार आहेत.

एक प्रकार एफ-क्लास. जॉर्ज फार्क्वारसन या कॅनडाच्या नेमबाजाच्या नावावरून हे नाव पडले. रायफल टेकूवर ठेवून, पालथे पडून, हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१४ मीटरपर्यंत, एकाच टार्गेटवर गोळ्या मारायच्या. अमेरिकेत हजार यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे असते. येथे चाळीस-पन्नास पट मोठे दाखवणारी दुर्बीण कामाला येते. तिच्या फुलीच्या रेषा केसासारख्या बारीक हव्यात. मोठेपणा वाढवला तरी रेषा जाड होऊ नयेत, म्हणून फुली दुसऱ्या प्रतलात असलेली दुर्बीण येथे पसंत करतात. बटणाचा एक क्लिक जितका बारीक तितके बरे.

दुसरा प्रकार प्रिसिजन रायफलचा. येथे दीड-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरच्या पाट्या मारायच्या, कधी उभे राहून, कधी भिंतीच्या आडून. फार मोठे दाखवणारी दुर्बीण येथे अडचणीची. कारण जितके मोठे दिसते तितका देखावा अरुंद होतो आणि पुढची पाटी सापडत नाही. म्हणून पाच ते पंचवीस पटीपर्यंत बदलणारी दुर्बीण घेऊन बहुतेक जण ती मध्यावरच ठेवतात. तिची फुली पहिल्या प्रतलात लागते, म्हणजे मोठेपणा कितीही ठेवला तरी फुलीवरच्या खुणांचे माप बदलत नाही. हिशेबही सोपा. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर १ सेंटिमीटर, हजार मीटरवर १० सेंटिमीटर.

पण दोन्हीकडे खरी परीक्षा बटणाची. शंभर यार्डांवर बसवलेली .३०८ ची रायफल हजार यार्डांवर तशीच रोखली, तर गोळी ३० फुटांहून अधिक खाली जाते. तेवढा चढ दुर्बिणीला देता आला पाहिजे, आणि बटण फिरवून परत आणले की नेम मूळ जागी आला पाहिजे. हे जमत नसेल तर भिंग कितीही झकास असो, ती दुर्बीण कुचकामी.

आणखी एक गोष्ट. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, तितक्या मिलिमीटरची उजेडाची चकती डोळ्यात येते. पन्नास मिलिमीटरचे भिंग दहा पटीवर ५ मिलिमीटर देते, पंचवीस पटीवर फक्त २. म्हणजे पट वाढली की चित्र अंधुक होते. भर दुपारी जमिनीवरून उठणारे मृगजळही तितकेच मोठे होऊन लक्ष्य नाचू लागते. हवालदार दादा म्हणाले, "दुर्बीण हात स्थिर करत नाही हो, हात किती हलतो ते दाखवते."

ताईंनी दुर्बीण घेतली नाही. त्या पैशातून मुलीची रेंजची फी भरली, छऱ्यांचे डबे आणले, आणि उरलेले पोस्टात ठेवले. क्लबची रायफल आहे, तिच्यावर पीप साइट आहे. मुलगी रोज पहाटे सरावाला जाते.

बंधू-भगिनींनो, ज्यांची मुले या खेळात आहेत त्यांनी खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रकार कोणता? नियमात काय बसते? अंतर किती? ही उत्तरे दुकानात मागू नका, नियमावलीत आणि प्रशिक्षकाकडे मागा. बाबासाहेबांनी आपल्याला वाचायला शिकवले ते कोणी आपल्याला फसवू नये म्हणूनही. जो नियम वाचतो त्याच्या कष्टाचा पैसा कोणी सहजी उचलून नेत नाही.

जय भीम!