चौदा जेवणांची शाळा

शंभर वर्षांपूर्वीचं हायस्कूल म्हटलं की धोतर, कोट, काळी टोपी, टाक-दौत आणि छडीवाले मास्तर असं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढं येतं. ते खोटं नाही. पण आमच्या घरात त्या शाळेची जी आठवण राहिली ती पुस्तकाची नाही, भाकरीची आहे. माझा आजा १९२१ साली बार्शीला इंग्रजी शिकायला गेला आणि १९२५ साली परत आला. त्या चार वर्षांत काय शिकला हे तो थोडक्यात सांगायचा. काय खाल्लं हे मात्र तासभर सांगायचा.

तेव्हाची पद्धत आजच्या पोरांना समजावून सांगावी लागते. मराठी चौथी झाली की पुढं दोन वाटा. एक मराठी सातवीची. ती फायनल पास झाली की मास्तरकी मिळायची आशा. दुसरी वाट इंग्रजीची, आणि ती तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाला जायची. तिथं पुन्हा पहिलीपासून सुरुवात. इंग्रजी पहिली, दुसरी, असं करत सातवीपर्यंत. इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिक, आणि तिची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. वरच्या वर्गांत गणितसुद्धा इंग्रजीतून. ज्या पोरानं घरात 'मोट', 'नाडा', 'चाबूक' एवढेच शब्द ऐकले, त्याच्या पुढ्यात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यायची. आजा म्हणायचा, "इंग्रजीचं भ्या दोन वर्सांत गेलं. पोटाचं काय जाईना."

आमचं गाव शेंद्री स्टेशनापासून दोन कोसांवर. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ सालीच सुरू झालेली. पुढं ती लातूरला, पंढरपूरला, मिरजेला गेली. गाडी इतकी सावकाश, की उतरून रानातला हरभरा उपटावा आणि पुन्हा चढावं, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. मीही त्या गाडीत बसलोय, चेष्टेत फार खोटं नव्हतं. आज्याला मात्र तिकिटाचे पैसे क्वचित मिळायचे. तो चालत जायचा. गाडीनं जायचं ते त्याचं गठुडं.

बार्शी म्हणजे तेव्हाही मोठी पेठ. ज्वारी, कापूस, शेंगा, सगळा माल तिथं उतरायचा. आमच्या घरचा माल ज्या आडत्याकडं जायचा, त्याच्या वखारीच्या ओट्यावर आज्याला झोपायला जागा मिळाली. त्याबदली सकाळी झाडलोट आणि सुगीत पोती मोजायची. रात्री चिमणीच्या उजेडात अभ्यास. रॉकेल संपलं की अभ्यास संपला.

राहायचं असं भागलं. जेवायचं कसं? त्या काळी परगावच्या गरीब ब्राह्मण पोरांसाठी वार लावायची रीत होती. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरं मिळाली तर आठवडा भरला. पाचच मिळाली तर दोन दिवस माधुकरी नाहीतर उपास. कुणब्याच्या पोराला वार नव्हता. त्याला गावाकडच्या भाकरीवर भिस्त ठेवावी लागायची. आणि ज्यांना गावानंच वेशीबाहेर ठेवलेलं, त्या पोरांना वार नाही, वखारीचा ओटा नाही, आणि बऱ्याच शाळांत बाकड्यावर जागासुद्धा नाही. सार्वजनिक शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. ठराव कागदावर झाला. गावागावात तो पोचायला फार दिवस लागले.

आज्याची आई आठवड्याच्या चौदा जेवणांचा हिशेब घालायची. दर जेवणाला दोन, म्हणजे अठ्ठावीस भाकरी. पहिल्या दोन दिवसांच्या मऊ. त्यापुढच्या कडक, तव्यावर पातळ थापून, निखाऱ्यावर पापडासारख्या वाळवलेल्या. सोलापूरची कडक भाकरी आता पाकिटात मिळते, शहरातले लोक हौसेनं घेतात. आमच्याकडं ती हौस नव्हती, आठवडा टिकवायची युक्ती होती. संगट शेंगाची चटणी. पहाटे तीनला उठून जात्यावर दळण, मग चूल, मग रानातलं काम. भाकरी फडक्यात बांधून शेंद्रीला कुणीतरी बार्शीला जाणारा गाठायचा आणि गठुडं त्याच्या हवाली करायचं. पावसाळ्यात ती सादळायची, बुरशी यायची. आजा बुरशी खरवडून, पाण्यात भिजवून खायचा. वारावर जेवणारं एक पोरगं त्याच्या वर्गात होतं. ज्या दिवशी त्याला घर नसे, त्या दिवशी ते आज्याची भाकरी घ्यायचं नाही, सोवळ्याची अडचण. पण भुईमुगाच्या शेंगांना विटाळ नव्हता. मग दोघं देवळाच्या पायरीवर बसून शेंगा खायचे आणि पाढे म्हणायचे.

इंग्रजी चौथीच्या वर्षी आज्याची आई तापानं गेली. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. घरात उरली ती आज्याची बहीण, दहा वर्षांची. आम्ही तिला पुढं आत्याआजी म्हणायचो. तिनं भावासाठी जातं धरलं. दोन महिने गठुडं येत राहिलं. भाकरी जाडजूड, कुठं करपलेली, कुठं कच्ची, पण अठ्ठावीस मोजून. आजा सुट्टीला घरी आला तेव्हा त्यानं तिचे हात बघितले. बोटांवर फोड, तळव्याला दळणाचे घट्टे. त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. मी त्याला एकदा विचारलं, "आजा, वाईट वाटलं का?" तो म्हणाला, "आय गेली आन शाळंची वाट मोडली. पर त्या पोरीचं हात बघून भाकरी घशाखाली उतरंना रं."

आत्याआजीनं शाळेचं दार जन्मात बघितलं नाही. पण तिचा भाऊ चार यत्ता इंग्रजी शिकला म्हणून गावात कुणाचीही तार आली की ती आधी आमच्या घरी यायची. रुमालाखाली बोटं धरून दलाल भाव ठरवायचे त्या जमान्यात आडत्याची पट्टी वाचून हिशेब सांगणारा माणूस गावात एकच होता.

आता मागं वळून बघताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. ज्यांना खेड्यातली, गोरगरिबांची पोरं खरंच शिकावीत असं वाटलं, त्यांनी शाळेच्या जोडीला चूल मांडली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ ला. त्याच वर्षी माझा आजा बार्शीहून परत आला. बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांची शिक्षणसंस्था उभी राहिली १९३४ साली. आज्याला नऊ वर्षं उशीर झाला.

मी स्वतः बार्शीलाच आठवी ते दहावी शिकलो. नवी दहावी सुरू होऊन एकच वर्ष झालेलं, १९७६ साली मी पास झालो. माझाही डबा गावाहूनच यायचा, आज्याच्याच छोट्या गाडीनं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या माझ्या आईनं तो तीन वर्षं धाडला. पुढं शेतीला माणूस पाहिजे होतं, म्हणून थांबलो. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव आहे, वडलांचं आहे, जात आहे, जन्मतारीख आहे. अठ्ठावीस भाकरी मोजणारीचं नाव ना आज्याच्या दाखल्यावर, ना माझ्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढं आता सरकारी कागदावर आईचं नाव आधी येतं. बातमी वाचली तेव्हा मला आज्याच्या आईची आठवण झाली. तिचं नाव घरात आता कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या साली आमच्या आळीत एका बाईला अर्धांग झालं. तिची पोरगी नववीत, हुशार. पंधरा दिवस शाळेच्या एसटीत दिसली नाही. मास्तर चौकशीला आले, पोरगी 'बरं नाही' म्हणाली. बरं नव्हतं तिच्या आईला, आणि सकाळची चूल तिच्या गळ्यात पडलेली. आमच्या मंडळींनी ते ओळखलं. आळीतल्या सहा घरांनी मिळून वार लावले. आमच्याकडं मंगळवार आला. रविवारी तिची ती करते. जात कुणाची काय हे कुणी विचारलं नाही, आणि हे पूर्वीच्या वारात नव्हतं.

पोरगी आता दहावीत आहे. सकाळी सातच्या गाडीला उभी असते. मंगळवारी पहाटे आमच्या घरात दोन भाकरी जास्त थापल्या जातात, एवढंच.