खाऱ्या विहिरीचे गोडे पाणी

आमच्या आजीच्या तोंडी पाण्याला दोनच विशेषणे असत : एक ‘गोडे’ आणि दुसरे ‘वाईट’. आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. संस्थानचा मुलूख एकसंध नव्हता, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. नवसारी, अमरेली असे तुकडे विखुरलेले, आणि काठेवाडच्या पार पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ. तेथे द्वारकेस आजोबा चार वर्षे कारकून होते. श्रीकृष्णाच्या नगरीत संसार मांडावयास मिळाला, याचे पुण्य आजीने जन्मभर सांगितले. पण तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, हे गाऱ्हाणेही तितक्याच निष्ठेने सांगितले. क्षार असलेल्या पाण्यात डाळ का शिजत नाही, हे आम्ही पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचले. आजीला ते वाचल्यावाचून ठाऊक होते.

ही आठवण येण्याचे निमित्त झाले आमचे भाचे. त्यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे आणि नोकरी बडोद्यातील एका कंपनीत. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी, सूर्याच्या विजेवर चालणारी लहान लहान यंत्रे गावोगाव बसलेली असतात. त्या यंत्रांवर दुरून नजर ठेवण्याचे काम ते करतात. दुरून म्हणजे किती दुरून? तर अलकापुरीतील एका थंडगार खोलीत बसून समुद्रकाठच्या यंत्रावर. दर पाच मिनिटांनी यंत्र आपले क्षेमकुशल मोबाइलच्या सिमकार्डावरून कळवीत असते. दिवाळीत घरी आले असता त्यांनी आम्हांस तो पडदा दाखविला. हिरव्या ठिपक्यांची रांग होती, आणि त्यात एक पिवळा ठिपका होता.

“हे गाव भावनगरच्या पुढे आहे, मामा,” ते म्हणाले. “इथली बाई पाणी विकते, असा आमचा संशय आहे.”

“तुम्ही पाहिली आहे का ती बाई?”

“नाही. यंत्रही पाहिलेले नाही. मी या कामावर आलो तेव्हा ते बसून दोन वर्षे झाली होती.”

आम्ही मास्तर माणूस. वर्गात न जाता निकाल लावणारा परीक्षक आम्हांस आवडत नाही. भावनगर पाहावयाचे तर पुष्कळ वर्षे मनात होतेच. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही, सौभाग्यवती आणि भाचे असे तिघे निघालो.

वासदला मही, पुढे बोरसद, तारापूर, मग साबरमती. तोवर रस्ता आपल्या ओळखीच्या गुजरातेतून जातो. तंबाखूची शेते, केळी, चहाच्या टपऱ्या. वटामणच्या चौकात डावीकडे वळले की जमीन एकाएकी सपाट होते, इतकी की क्षितिज खडूने आखल्यासारखे दिसावे. हाच भाल प्रदेश. भाल म्हणजे कपाळ, आपले भाळ. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. झाड म्हणावे तर गांडो बावळ, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती. तरीही या भूमीत जो गहू होतो तो पाटाच्या पाण्यावाचून, जमिनीत मुरलेल्या पावसाच्या ओलीवर होतो. २०११ साली त्या भालिया गव्हाला भौगोलिक मानांकनही मिळाले. धोलेरा मागे टाकून वेळावदरच्या बाजूस आलो. तेथे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. आम्हांस रस्त्यावरूनच एक कळप दिसला, आणि सौभाग्यवतींचा प्रवासाचा शीण तेवढ्यावर उतरला.

भावनगर शहराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर वेगळा लेख व्हावा. १७२३ साली भावसिंहजींनी वसविलेले हे गाव. १८८८ मध्ये मोहनदास गांधी येथल्या सामळदास कॉलेजात आले आणि एक सत्र काढून परत गेले. आम्हांस ओढ होती ती दक्षिणामूर्तीची. गिजुभाई बधेकांच्या त्या बालमंदिराबरोबर आपल्या ताराबाई मोडकांचे नाव कायमचे जोडलेले आहे. मराठी बालशिक्षणाची एक मुळी या काठेवाडी मातीत आहे, हे आमच्या बंधूंना पुष्कळदा ठाऊक नसते. योगायोग असा की, ज्या रस्त्याला गिजुभाईंचे नाव आहे त्याच रस्त्यावर केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आहे. १० एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मिठाचा अभ्यास करावयास निघालेल्या या संस्थेने मीठ पाण्यातून काढून टाकण्याचाही अभ्यास केला, आणि तो तिच्या हातून फार मोठा झाला.

भावनगरजवळ अवाणिया नावाचे गाव आहे. १९७८ साली या संस्थेने तेथे सूर्याच्या उष्णतेने पाणी शुद्ध करण्याची मांडणी उभारली. रोज सुमारे ५,००० लिटर पाणी मिळावे, अशी तिची योजना होती. तत्त्व अगदी स्वयंपाकघरातले आहे. तळाशी काळ्या हौद्यात खारे पाणी, वर तिरपी काच. उन्हाने वाफ होते, काचेला लागून तिचे थेंब होतात, थेंब ओघळून पन्हळीत येतात आणि मीठ खाली राहते. आमटीच्या पातेल्यावरचे झाकण उचलताना जे पाणी टपकते तेच हे. याहून जुने उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे : लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने काचेची अशीच मोठी मांडणी करून खाणीवरच्या जनावरांना पाणी पाजले. अडचण एकच. एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि त्यात सवलत नाही. म्हणून एक चौरस मीटर काचेखालून दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी निघाले तरी पुष्कळ म्हणावयाचे. गावाची तहान भागवावयाची तर शेतेच्या शेते काचेने झाकावी लागतील.

आताच्या यंत्रांत सूर्य पाणी तापवीत नाही. तो वीज देतो, वीज पंप चालविते, आणि पंप खारे पाणी एका अतिसूक्ष्म पडद्यावर दाबतो. पडद्यातून पाणी पलीकडे जाते, क्षार बहुतेक अलीकडेच राहतात. समुद्राचे पाणी असेल तर वातावरणाच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब लागतो. विहिरीच्या मचूळ पाण्याला त्याच्या पाव हिश्श्यातही भागते. असे पडदे तयार करण्याचे कामही भावनगरच्या या संस्थेने केले आहे.

घोघ्याच्या पलीकडे किनाऱ्याने गेल्यावर ते गाव लागले. नाव मुद्दामच लिहीत नाही. खंभातच्या आखाताला भरती-ओहोटीचा जो विलक्षण पल्ला आहे, तो येथे प्रत्यक्ष दिसतो. आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र पार मागे गेला होता आणि नजर जाईल तेथवर करडा चिखल. गावात नर्मदेचे पाणी नळाने येते, पण हे गाव त्या नळाच्या शेपटाला. आले तर येते. विहिरी एके काळी गोड होत्या. शेतीसाठी इंजिने लावून त्या उपसल्या, जमिनीखालचे गोडे पाणी ओसरले आणि त्याची जागा समुद्राने घेतली. आता त्या विहिरीचे पाणी गुरेदेखील तोंड लावून सोडून देतात.

शाळेच्या मागे पत्र्याची खोली, छपरावर दहा सौरपाट्या, बाजूला दोन हजार लिटरची टाकी आणि नाणे टाकून पाणी घ्यावयाचा नळ. यंत्र सांभाळणाऱ्या बेन पस्तिशीच्या, विधवा, शिक्षण सातवीपर्यंत. आम्हांस खाटेवर बसवून त्यांनी प्रथम पाणी दिले. “मीठुं छे,” त्या म्हणाल्या. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठ, आणि ‘मीठुं’ म्हणजे गोडही. चाळीस वर्षे गुजराती बोलत असूनही या शब्दाची गंमत आमच्या ध्यानात तेथे त्या खाटेवर प्रथम आली.

मग आत जाऊन त्यांनी एक कागद आणला. तो घडीवर फाटावयास आला होता. “मास्तरसाहेब, तुम्ही शिकलेले. यात काय लिहिले आहे ते सांगा. इथल्या शाळेतल्या साहेबांनी नुसते ‘पैसे कापणार’ एवढेच सांगितले.”

पत्र इंग्रजीत होते. आम्ही ते वाचून गुजरातीत सांगू लागलो. दर दोन-तीन दिवसांनी पहाटे टाकीची पातळी सुमारे चाळीस लिटरने खाली येते, नळाच्या मापात मात्र त्याची नोंद नाही. सबब हे पाणी बेकायदा बाहेर जाते असे गृहीत धरून मानधनातून कपात करण्यात येत आहे. पुन्हा आढळल्यास काम काढून घेण्यात येईल. वाचता वाचता आम्ही तळाशी आलो. सही आमच्या भाच्यांची होती. आम्ही नाव वाचले नाही. बेनना ते कळण्याचे कारण नव्हते, पण भाच्यांनी मान खाली घातली ती सौभाग्यवतींच्याही नजरेतून सुटली नाही.

“एवढेच ना?” बेन म्हणाल्या. “ते पाणी मी पाट्यांना घालते.”

त्यांनी शिडी दाखविली, फडके दाखविले. समुद्राचा वारा रात्रंदिवस मीठ आणतो. ते काचेवर बसते, त्यावर धूळ बसते. आरंभी त्या विहिरीच्याच पाण्याने पाट्या धूत. पण ते पाणी वाळले की पांढरे डाग राहत आणि ते पुढे घासूनही जात नसत. म्हणून दोन बादल्या गोडे पाणी, आणि तेही पहाटे, कारण तेव्हा दवाने मीठ आधीच भिजलेले असते. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. चुलीवरच्या काचेच्या बरणीने एकदा शिकविले होते. दुरुस्तीला आलेल्या माणसाला त्यांनी हे सांगितले होते. तो हसला होता. दिलेल्या क्रमांकावर फोन केला तर यंत्रातला आवाज ‘तक्रारीचा प्रकार निवडा’ म्हणे. आणि ही तर तक्रार नव्हतीच.

भाचे इतका वेळ गप्प होते. त्यांनी पिशवीतून संगणक काढला. “बेन, वैशाखात तुम्ही कुठे बाहेरगावी गेला होतात का?”

“माहेरी. भावाचे लग्न होते. अकरा दिवस दीर बघत होता.”

त्यांनी ते अकरा दिवस पडद्यावर आणले आणि आम्हांस जवळ बोलाविले. पाणी कमी होण्याच्या नोंदी त्या दिवसांत नव्हत्याच. पण शेजारच्या रकान्यात दुपारच्या विजेची रेघ होती. ती दिवसागणिक थोडी थोडी खाली येत गेलेली. बाराव्या दिवशी पहाटे टाकीची पातळी घसरली, आणि त्याच दुपारी ती रेघ उडी मारून पूर्ववत झाली. दोन्ही रकाने दोन वर्षे एकाच पडद्यावर होते. एक पाहण्याचे काम पाण्याच्या हिशेबवाल्याचे, दुसरे विजेवाल्याचे. पिवळा ठिपका फक्त पहिल्याला दिसे.

“हे पत्र मी लिहिले, बेन,” भाचे म्हणाले.

बेन त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही? तुम्ही तर फार लहान आहात.” आणि चहा टाकावयास आत गेल्या.

चहा होईस्तोवर आम्ही भाच्यांना विचारले की, पाणी खरोखर गोड आहे हे तुमच्या यंत्राला कसे कळते. ते म्हणाले, पाण्यात क्षार जितके अधिक तितकी वीज त्यातून अधिक वाहते, तेवढे मोजावयाचे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. पण मोजणाऱ्या कांडीवरच पुटे चढली तर ती भलतेच सांगते. हे ऐकून बेन आतूनच म्हणाल्या की, कांडीचे आपल्याला ठाऊक नाही. आपण रोज पहिला पेला पलीकडच्या डोशीमांना देतो. त्यांनी तोंड वाकडे केले तर त्या दिवशी नळ उघडायचा नाही. असे आजवर दोनदा झाले होते. भाच्यांनी त्या दोन तारखा विचारल्या. तारखा बेनना आठवत नव्हत्या. एक अमावास्येच्या आसपासची, एवढेच.

यंत्रातून बाहेर पडणारे जादा खारट पाणी कोठे जाते, हा आमचा शेवटचा प्रश्न. थोडे भांडी विसळावयास नेतात, बाकीचे चराने खाडीकडे सोडले आहे. तो चर बेनच्या दिराने खणलेला. कंपनीच्या नकाशात तो नाही.

परतताना सौभाग्यवतींनी पाच लिटरचा डबा भरून घेतला, नाणी टाकून. बडोद्यात पाण्याला तोटा नाही, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात तुरीची डाळ लावली, कुकरमध्ये नव्हे, पातेल्यात. डाळ मेणासारखी शिजली. आजीच्या तसबिरीपुढे त्यांनी पहिली वाटी ठेवली.

भाच्यांनी कार्यालयात लेखी कळविले. पत्र मागे घेतले गेले; पुढची कपात थांबली. आधी कापलेल्या तीन महिन्यांच्या रकमेबद्दल ‘विचार चालू आहे’ असे उत्तर आहे, ते हा मजकूर लिहीपर्यंत तसेच आहे. पाट्या धुण्याचे पाणी हिशेबात धरण्यासाठी एक नवा रकाना करावा, असेही त्यांनी सुचविले आहे. तो झालेला नाही. ठिपका अजून पिवळाच येतो, पण आता भाचे त्याला ओळखतात.

गेल्या गुरुवारी ते आमच्याकडे मुक्कामास होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. टाकीची पातळी दोन बोटे खाली आली होती.