पट पाहावा, पण कुठून?

दिवाळी सरते, धानाची कापणी-मळणी आटोपते आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, बॅनर लागू लागतात. आलापल्लीहून उत्तरेकडे निघालं की चामोर्शी, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा सगळा पटाचा मुलूख. पशुवैद्यक म्हणून मी मैदानावर असतो तो बैलांसाठी. जोडी धावण्याआधी तपासायची आणि धावून आल्यावर पुन्हा पाहायची. पण खरी धास्ती वाटते ती पाहणाऱ्यांची. यंदा पहिल्यांदाच पटाला जाणार असाल, तर एवढं वाचून जा.

आधी जागेचं बोलू. नवखा माणूस हमखास धावपट्टीच्या शेवटी जाऊन उभा राहतो, कारण निकाल तिथे लागतो. नेमकी तीच जागा वाईट. रेषेपाशी शर्यत संपते, बैलांची धाव संपत नाही. छकडा हलका, त्याला ब्रेक नाही आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हाती फक्त कासरा. सुसाट जोडी रेषेपुढेही बरीच धावते. समोर माणसांची भिंत दिसली की बिचकते आणि वाट मिळेल तिकडे वळते. कुठे वळेल, हे धुरकऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रेक्षकांना दूर ठेवण्याचा धडा मोटार शर्यतींनी फार मोठी किंमत मोजून घेतला. 11 जून 1955 रोजी फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून फुटली, तिचे तुकडे गर्दीत घुसले आणि 80 हून अधिक प्रेक्षक दगावले. स्वित्झर्लंडने त्यानंतर अशा शर्यतींवर बंदीच घातली. पटात माणूस आणि बैल यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक दोरी असते, तीही पोरं वाकवून आत सरकतात. म्हणून मध्यापासून थोडं पुढे, दोरीमागे, एखाद्या उंच धुऱ्यावर जागा धरा. तिथून जोडी सुटताना दिसते आणि भर वेगातही दिसते. निकाल भोंग्यावर ऐकू येतोच. लहान पोरांना खांद्यावर घेऊन दोरीला खेटू नका.

बैलाला काय दिसतं, तेही ठाऊक असावं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं त्याला जवळजवळ सगळं दिसतं, पण थेट मागचं दिसत नाही. जोडी बांधलेली असेल तिथे मागून जाऊन पाठीवर हात ठेवायचा नाही. लाथ बसली की बैलाला दोष देता येत नाही. लाल कपड्याची भीती मात्र सोडा. लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसतच नाही; त्याला खटकते ती हालचाल. एकदम उघडलेली छत्री, फडफडणारा दुपट्टा, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन यांनी चांगली शिकवलेली जोडीही बिथरते.

पायात बंद जोडेच हवेत. धावपट्टी धानाच्या बांध्यांमधून काढलेली असते, आजूबाजूला धसकटं उभीच असतात आणि चपलेतून ती सरळ तळव्यात शिरतात. हिवाळा असला तरी दुपारी सावलीचं नाव नसतं. डोक्याला घट्ट बांधायला दुपट्टा, टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच न्या. आलुबोंडा-रस्सा मैदानावर मिळतो.

परतीचा विचार निघतानाच करून ठेवा. पटाच्या रात्री गावात नाटक असतं आणि झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. ते पाहून झोपाळल्या डोळ्यांनी आलापल्लीचा रस्ता धरू नये. जंगलातलं जनावर कधी आडवं येईल सांगता येत नाही आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही याच बाजूने धावतात. गावात सोयरे असतील तर मुक्काम करा. पटाच्या दिवशी घरोघरी पाहुणे असतातच, सोयरिकीही तिथेच जुळतात.

आता काय पाहायचं ते सांगतो. नजर धुरकऱ्याच्या हातावर ठेवा. चाबूक, काठी, टोकाला खिळा ठोकलेली तुतारी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई आहे. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. तपासताना मी शेपटीच्या मुळाशी आणि पुठ्ठ्यावर बोटं फिरवतो. टोचलेलं असेल तर केसांखाली खपलीचा बारीक खडा लागतो. तुम्हाला लांबून तो दिसणार नाही, पण धाव संपल्यावर बरगड्या किती वेळ भात्यासारख्या हलतात, हे नक्की दिसेल. चांगल्या राखलेल्या जोडीचा श्वास लवकर बसतो. तोंडाला फेस आलेला आणि जीभ बाहेर काढून उभा असलेला बैल लगेच दुसऱ्या फेरीला काढत असतील, तर आयोजकांना सांगा.

या अटी उगाच आलेल्या नाहीत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी त्याच न्यायालयाकडून अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी त्याच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. साडेसात वर्षं ओस पडलेली मैदानं अटींवर भरली आहेत. तुतारी दिसताच शिट्ट्या वाजवणारी गर्दी हवी, की धुरकऱ्याला खाली उतरवा म्हणणारी, हे पंच ठरवत नाहीत. ते दोरीमागे उभे असलेले आपण ठरवतो.