‘सॉरी’

परवां कॉलेजच्या जिन्यावर एका विद्यार्थ्याचा मला धक्का लागला. ‘सॉरी, सर!’ म्हणून तो तसाच पुढें पळाला; शब्द पुरा होण्यापूर्वीं दोन पायऱ्या उतरलाहि होता. त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाहीं, हें पुढें दिसून येईलच. आमच्या घरींहि हा शब्द दिवसांतून दहा वेळां कानीं पडतो. दूध उतूं गेलें तरी ‘सॉरी’, फोन घेतां आला नाहीं तरी ‘सॉरी’.

ह्या शब्दाचें कुळ पाहूं गेल्यास मौज आढळते. दुःखवाचक ‘सॉरो’ह्या शब्दापासून तो निघाला असावा, अशी कोणाचीहि समजूत होईल, पण ती खोटी आहे. प्राचीन इंग्रजींत ‘सार’ म्हणजे वेदना, ठणका. त्यापासून ‘सारिग’, आणि त्याचा पुढें ‘सॉरी’ झाला. ‘सॉरो’चें मूळ निराळें, दोघांचें साम्य मागाहून वाढलें. डंकनचा खून करून आलेला मॅकबेथ आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहून हेंच विशेषण वापरतो. तेथें अर्थ ‘केविलवाणें’. कोणाच्या घरीं मृत्यु घडला तरी इंग्रज ‘सॉरी’च म्हणतो, आणि समोरच्याचें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं तरीहि तोच शब्द! बोलणाराला कांहीं तरी खुपतें आहे, एवढेंच तो शब्द सांगतो. चूक कोणाची, हें सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं.

मराठींत ही पळवाट नाहीं. ‘क्षमा असावी’ नाटकी वाटतें. ‘माफी’ला माफीच्या साक्षीदाराची संगत. उरतें ‘चुकलों’. त्याच्या प्रत्ययांतच ‘मी’ ठाण मांडून बसलेला. त्याला बाहेर काढतां येत नाहीं.

वीस वर्षांपूर्वीं वडील मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं गांवाहून पुण्यास आले. त्यांना उतरून घेण्यासाठीं मी स्वारगेटवर येईन असें कळविलें होतें, आणि उत्तरपत्रिकांच्या नादांत साफ विसरलों. तीन तासांनीं पोंचलों, तेव्हां ज्वारीच्या पोत्याशेजारीं उकिडवे बसून ते येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे डोळे बारीक करून पाहत होते. मी पुढें झालों.

“सॉरी, नाना.”

“म्हणजे काय रे?”

त्यांना इंग्रजी येत नव्हतें. प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा होता. आणि मी इंग्रजीचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ सांगणें हा माझा धंदा. म्हणालों, “उशीर झाला.”

“झाला खरा,” नाना म्हणाले, आणि पोत्याचें एक टोंक त्यांनींच उचललें.